खाजगी कंपन्यांची पद्धत संरक्षण खात्यात आणली तर सुधारणा होईल का?

खरेदी, साठ्याच्या नोंदी आणि कारखाने चालवणं यांत होईल. लढाईच्या तयारीत ती जशीच्या तशी आणली तर अंगलट येईल. मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्टोअर बघतो, म्हणून साठ्याचंच उदाहरण देतो. आमच्याकडे माल दोन दिवस जास्त पडून राहिला की साहेब विचारतात, पैसा का अडकवला? लष्कराचं उलटं. तिथं पडून असलेला दारूगोळा हाच विमा. राखीव साठा 40 दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरावा असा निकष होता, आणि कॅगच्या 2017 च्या अहवालात 152 पैकी 40 टक्के प्रकार 10 दिवसही पुरणार नाहीत असं निघालं.

दुसरं, मोजमाप. फोर्ड कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नामारा 1961 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्यांनी आणलेली अंदाजपत्रकाची शिस्त पुढेही टिकली. पण व्हिएतनाममध्ये शत्रूचे किती मेले यावर प्रगती मोजली गेली आणि ते आकडे फुगवलेले निघाले. (टार्गेट दिलं की आकडा येतोच, कुठल्याही सुपरवायझरला विचारा.)

एक मात्र लक्षात घ्या: कंपनी केली म्हणजे स्पर्धा आली असं नाही. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2021 पासून 41 आयुध निर्माणी 7 सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, पण मोठं गिऱ्हाईक अजून आपलं सैन्यच आहे.