कलमा पढल्यानंतरचं एकटेपण: आपली माणसं कुठे भेटतात

अस्सलामु अलैकुम भाऊ,

कलमा पढून इस्लाम स्वीकारलात त्या जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजेला) सगळ्या मशिदीने मिठ्या मारल्या, कितीतरी जणांनी नंबर घेतले आणि पुढे कोणाचाच फोन आला नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरी आई धड बोलत नाही, जुने मित्र बोलवेनासे झाले, आणि ईदला नमाज पढून आलात ते खोलीचं दार लावून बसलात. "मीच कुठे कमी पडतोय का?" हा तुमचा प्रश्न. नाही, भाऊ. मला इस्लाम स्वीकारून बरीच वर्षं झाली. नव्याने आलेल्या ज्यांच्या ज्यांच्याशी मनमोकळं बोललो, त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलंय. ईमान (श्रद्धा) कच्चं असल्याची ही खूण नव्हे.

जुम्म्याच्या गर्दीत ओळखी होत नाहीत. लोक कामातून धावत येतात, खुतबा (प्रवचन) ऐकतात, नमाजेच्या दोन रकात (आवर्तनं) पढतात आणि पुन्हा पळतात. नंबर घेतला तेव्हा मनापासूनच घेतला असणार, पण दुसरं कोणीतरी चौकशी करत असेल असं प्रत्येकाला वाटतं. जन्माने मुसलमान असलेल्याला नातीगोती, शेजारपाजार आयता मिळालेला असतो. तुमच्याकडे मशिदीशिवाय दुसरी जागाच नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून जुम्मा चुकवू नका, तो फर्जच (बंधनकारकच) आहे, पण माणसं शोधायला पहाटेच्या फज्रला जा, नाहीतर रात्रीच्या इशाला. एकच मशीद धरा, एकच वक्त धरा. तिथे रोज तीच मोजकी मंडळी असतात आणि तुम्ही आला नाहीत तर त्यांना ते कळतं. मला माझं म्हणावं असं पहिलं माणूस असंच मिळालं. फज्रनंतर भिंतीला टेकून तसबीह (जपमाळ) ओढत बसणारे एक चाचा होते. धीर करून एकदा म्हटलं, "माझी फातिहा ऐकाल का?" फातिहा म्हणजे कुरआनची पहिली सूरह (अध्याय), नमाजेत म्हणतात ती. तेव्हापासून रोज ऐकायचे. 'अल्हम्दु'मधला ह माझ्या घशातून नीट निघायचा नाही. तिथे आले की ते बोट वर करायचे, स्वतः म्हणून दाखवायचे, मला पुन्हा म्हणायला लावायचे. आयती सातच, पण त्या निमित्ताने माझी नोकरी, घरातले ताण, आईचं दुखणं सगळं त्यांना कळत गेलं. नंतर एकदा तापाने पडलो, तर संध्याकाळी दारात तेच उभे.

"मला एकटं वाटतं" असं सांगितलं की समोरचा गांगरतो, दुआ देतो आणि जातो. "अत्तहिय्यात (नमाजेत बसून म्हणतात ती) पाठ करून घ्याल का?", "परवाचा इफ्तार तुमच्यासोबत करू का?" असं नेमकं मागितलं, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. मागताना संकोच नको, कारण हा तुमचा हक्क आहे. इ.स. 622 मध्ये मक्केहून हिजरत (स्थलांतर) करून मदिनेत आलेल्यांपाशी घर नव्हतं, गोत नव्हतं. पैगंबरांनी (स.) सगळे भाऊ आहेत एवढं सांगून विषय सोडला नाही. त्यांनी एकेका मुहाजिराची (स्थलांतरिताची) एकेका अन्सारीशी (मदिनेतल्या मुसलमानाशी) जोडी लावून दिली. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. माझ्या मते दोघांकडूनही शिकावं, पण आज आपल्या मशिदींना साद यांच्याकडून जास्त शिकायचं आहे.

दुसरी जोडी मला याहून जवळची वाटते. सलमान फारसी हे इराणातून आलेले, पार परके. त्यांचे भाऊ ठरले अबू दरदा. अबू दरदा दिवसा रोजे धरायचे, रात्रभर नमाजेत उभे राहायचे, घराकडे लक्ष नाही. सलमान यांनी त्यांना जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं, आणि समजावलं की तुमच्यावर रबचा हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. पैगंबरांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. नव्याने आलेला माणूस सगळं एकदम अंगावर घेतो आणि दमून एकटा पडतो, तेव्हा मला ही हकीकत आठवते.

त्यातला घरच्यांचा हक्क विसरू नका. आईवडिलांनी शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याची भक्ती) करायला सांगितलं तर ऐकू नये, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने राहावं, असं सूरह लुकमानमध्ये (31:15) स्पष्ट आहे. पैगंबरांच्या काळातल्या हजरत अस्मा यांची आई मुसलमान नव्हती, तरी तिच्याशी नातं राखायलाच त्यांना सांगितलं गेलं. आईला फोन करत राहा. धर्मावर वाद घालू नका, तिच्या गुडघ्यांची चौकशी करा, तिची कामं करा. जुने मित्रही तोडू नका. नको त्या बैठकीला जाऊ नका, चहाला मात्र जरूर जा.

घरच्यांना सोड म्हणणारा, लगेच निकाहाची घाई करणारा, पैसे मागणारा, बाकीच्या सगळ्या मुसलमानांना गुमराह ठरवणारा असा कोणी भेटला तर लांब राहा. एकटा माणूस अशांच्या हाती लवकर लागतो. नाव बदलायचाही दबाव घेऊ नका. नावाचा अर्थ वाईट नसेल तर तेच चालतं.

नव्याने आलेल्या बहिणींची अडचण मोठी आहे, कारण कित्येक मशिदींत बायकांना जागाच नसते. त्यांनी बायकांचा कुरआनचा वर्ग गाठावा आणि सरळ शिकवणाऱ्या आपांशी बोलावं.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नमाजेबरोबर डॉक्टरकडेही जा, आजच जा. उपचार घेणं हा तवक्कुलमधला (अल्लाहवरच्या भरवशातला) उणेपणा नव्हे.

आणि पुढची ईद ऐनवेळेवर ठेवू नका. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात इमामसाहेबांना गाठून सांगा, "ईदच्या दिवशी मला जायला घर नाही, कोणाकडे सोय होईल का?" आणखी कोणी नवमुस्लिम आहे का तेही त्यांनाच विचारा. असेल, तर त्यालाही सोबत घेऊन जा.