मुरमांचे डाग आणि खड्डे एक्सफोलिएशनने जातात का?

आपण विचारले आहे की, गालांवर मुरमे अजून येत असताना, जुन्या मुरमांचे काळसर डाग आणि खड्डेही राहिले असताना, घरी स्क्रब किंवा ॲसिड पील (त्वचेचा वरचा थर सोलवणारे ॲसिडचे द्रव) वापरून हे सगळे एकाच उपायाने जाईल का. मी डॉक्टर नाही. मात्र ही तिन्ही दुखणी मी अनेक वर्षे स्वतःच्या चेहऱ्यावर सोसली आहेत आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे नियमाने उपचार घेतले आहेत. माझे उत्तर असे की, मुरमांना आणि डागांना एक्सफोलिएशनचा, म्हणजे त्वचेवरच्या मृत पेशी काढण्याचा, चांगला उपयोग होतो. खड्ड्यांना जवळजवळ होत नाही.

म्हणून आधी आपल्या गालावर नेमके काय आहे ते पाहा. खिडकीशी असे उभे राहा की उजेड बाजूने येईल, आरसा हातात घ्या आणि बोट हलकेच फिरवा. रंग गडद आहे पण बोटाला सपाट लागते, तर तो डाग आहे. सावली पडते आणि बोट किंचित खाली उतरते, तर तो खड्डा आहे. डाग म्हणजे दाह शमल्यावर मागे राहिलेले रंगद्रव्य. ते पुष्कळदा वरच्या थरात असते आणि काही महिन्यांत आपोआपही फिकट होते. खड्डा म्हणजे आतल्या थरातले कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, नष्ट झाल्याची खूण. वरच्या मृत पेशी कितीही काढल्या तरी ते कोलॅजन भरून येत नाही.

मुरूम सुरू होते ते रोमछिद्राच्या आत. तेथील मृत पेशी तेलात चिकटून बूच बनते, त्यामागे तेल साचते, जिवाणू वाढतात आणि दाह होतो. स्क्रबचे खरखरीत कण या बुचापर्यंत पोहोचतच नाहीत. ते फक्त वरून घासतात आणि सुजलेली पुटकुळी फोडतात. मी दोन वर्षे रोज रात्री स्क्रबने चेहरा घासत होतो आणि तेल निघाले की मुरमे थांबतील असे मनापासून मानत होतो. प्रत्यक्षात त्वचा लाल होऊन साधे पाणी लागले तरी झोंबायची, आणि प्रत्येक फुटलेल्या पुटकुळीमागे एक डाग राहायचा. तो स्क्रब आपण आजच थांबवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सॅलिसिलिक ॲसिड मात्र तेलात विरघळते, त्यामुळे ते छिद्रात उतरून बूच सैल करते. घरी ०.५ ते २ टक्क्यांचे पुरेसे असते. आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरुवात करावी आणि त्वचा झोंबू लागली की थांबावे. ग्लायकोलिक ॲसिड पाण्यात विरघळते. ते वरच्या थरावर काम करते आणि डागांना अधिक उपयोगी पडते. वरच्या थराचे चक्र पूर्ण व्हायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या आत निकाल ठरवू नये.

दवाखान्यातले पील ही वेगळी गोष्ट आहे. तेथे सॅलिसिलिक ॲसिड २० ते ३० टक्के असते. आधी चेहऱ्यावरचे तेल पुसतात, डोळ्यांच्या व ओठांच्या कडांना व्हॅसलिन लावतात, मग ब्रशने द्रव फिरवतात. दोन-तीन मिनिटे जळजळ चढत जाते, नंतर ओसरते आणि त्वचेवर पांढरी भुकटी धरते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंडाच्या कडेपासून पापुद्रे सुटू लागतात. ते ओढून काढले तर तेथेच नवा डाग उमटतो. ग्लायकोलिक पील वेळेवर निष्प्रभ करावे लागते, अन्यथा ते खोल भाजते. म्हणून तीव्र पील ऑनलाइन मागवून घरी करू नये, विशेषतः सावळ्या त्वचेवर, कारण तिच्यावर भाजल्याचा डाग अधिक गडद आणि अधिक काळ टिकतो. पीलनंतर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन रोज लावले नाही, तर डाग परत येतात.

आता खड्डे. अरुंद व खोल खड्ड्यांसाठी डॉक्टर तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड लाकडी काडीच्या टोकाने फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. काही क्षणांत तो बिंदू पांढरा होतो आणि पुढील आठवड्यांत आत नवे कोलॅजन तयार होऊ लागते. हे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा करावे लागते. रुंद, लाटेसारखे खड्डे त्वचा ताणली की सपाट दिसतात; त्यांना तळाशी धरून ठेवणारे धागे सुईने सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) आणि फ्रॅक्शनल लेझर (लेझरचे सूक्ष्म ठिपके त्वचेवर सोडणे) हेही उपाय आहेत. यांतल्या कशानेही त्वचा पूर्वीसारखी होत नाही, पण सावल्या स्पष्ट उथळ होतात. माझ्या उजव्या गालावरचा फरक मला त्या खिडकीच्या उजेडातही दिसतो.

हे सारे मुरमे आटोक्यात आल्यावरच सुरू करतात, कारण नवे मुरूम म्हणजे नवा खड्डा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आयसोट्रेटिनॉइनच्या (तीव्र मुरमांवरील औषधाच्या) गोळ्या चालू आहेत किंवा अलीकडे घेतल्या होत्या का, गर्भधारणा आहे किंवा तिचा विचार आहे का, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, ओठांवर वारंवार नागीणसदृश फोड येतात का आणि जुन्या जखमांचे व्रण फुगून वाढतात का, हे न विचारताही सांगा. पील करायचे की नाही आणि कोणते, हे त्यावर ठरते.