काउंटीच्या सभेतले 'आयुक्त'

एडिसनहून (न्यू जर्सी) एका वाचकांनी शंका विचारली आहे. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बातमीपत्रात ते मिडलसेक्स काउंटीच्या सभांचा वृत्तान्त मराठीत देतात. 'बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्स'साठी त्यांनी 'जिल्हा आयुक्त मंडळ' असं लिहिलं. पुण्याहून राहायला आलेल्या त्यांच्या वडिलांनी ते वाचून विचारलं, "आयुक्तांना लोक निवडून कसे देतात?" शब्द चुकला का, आणि चुकला असेल तर दुसरा कोणता घ्यावा, असा प्रश्न आहे.

वडिलांचं बरोबर आहे. कोशात कमिशनरला आयुक्त हाच प्रतिशब्द मिळतो आणि व्युत्पत्तीनेही तो चोख बसतो, कारण 'आयुक्त' म्हणजे कामावर नेमलेला. पण अडचण नेमकी त्या 'नेमलेला'पाशीच आहे. महापालिका आयुक्त, पोलीस आयुक्त, विभागीय आयुक्त, माहिती आयुक्त यांतला एकही माणूस मतं मागायला दारात येत नाही. पुण्यातला माणूस नगरसेवकाला निवडून देतो आणि आयुक्ताच्या नावानं अर्ज करतो. हा फरक मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का आहे की 'आयुक्त' वाचताच त्याला खुर्चीत बसलेला शासकीय अधिकारी दिसतो. मिडलसेक्सच्या बोर्डावरचे सातही कमिशनर मात्र मतदारांनी तीन वर्षांसाठी निवडून दिलेले असतात. ते आहेत सदस्य, जिल्हा परिषद सदस्य असतो त्या अर्थानं. काउंटीत आयुक्ताच्या जवळ जाणारा माणूस शोधायचाच, तर तो पगारी काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्याला 'काउंटी प्रशासक' म्हणा, किंवा जिल्हा परिषदेच्या धर्तीवर 'मुख्य कार्यकारी अधिकारी'.

या पदाचं नाव न्यू जर्सीत नुकतंच बदललं आहे, हेही तुमच्या वाचकांना सांगण्यासारखं आहे. 2020 अखेरपर्यंत या बोर्डाला 'बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स' म्हणत. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेला. ज्या काळात हे पद फक्त जमीनवाल्या गोऱ्या पुरुषांनाच मिळे, त्या काळाची आठवण त्या नावात होती. म्हणून कायदा करून 1 जानेवारी 2021 पासून 'कमिशनर' हे नाव आलं. जुन्या नावाला मराठीत फार जवळचा शब्द आहे: मिरासदार. आपल्याकडेही गावात वंशपरंपरेनं जमीन असलेला मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी असा भेद होता, आणि गावकीत वजन मिरासदाराचं. 2021 पूर्वीच्या एखाद्या सभेविषयी लिहिताना 'फ्रीहोल्डर, म्हणजे मिरासदार' एवढं म्हटलंत, तर नाव का बदलावं लागलं ते वडिलांना अर्ध्या ओळीत कळेल.

आता 'जिल्हा'. काउंटीला जिल्हा म्हणण्याचा मोह मला कळतो, पण मी ते करणार नाही. आकारमान हे एक कारण, पण किरकोळ. 21 काउंट्यांचं अख्खं न्यू जर्सी साधारण 22,600 चौरस किलोमीटर, आणि आपला एकटा अहिल्यानगर जिल्हा 17,048. म्हणजे तिथली सरासरी काउंटी आपल्या तालुक्याएवढी. पण कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी अहिल्यानगरच्या तिप्पट भरते, तेव्हा मापावरून नाव ठरवता येत नाही. खरी अडचण अशी की अमेरिकेत 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द वेगळ्याच गोष्टींसाठी खर्ची पडलाय. शाळांचं स्कूल डिस्ट्रिक्ट असतं, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मतदारसंघालाही डिस्ट्रिक्ट म्हणतात. दोन्हीकडे 'जिल्हा' लिहिलंत की वाचक हमखास गोंधळतो. शिवाय जिल्हा म्हटलं की मागोमाग जिल्हाधिकारी येतो, आणि राज्यानं नेमलेला, महसुलापासून निवडणुकीपर्यंत सगळं पाहणारा असा अधिकारी काउंटीत नसतो. तिथे शेरीफ, काउंटी क्लार्क आणि सरोगेट (या पदांची कामं पुढे सांगतो) हेसुद्धा थेट लोकांनी निवडलेले असतात.

'काउंटी' आपल्याला परका शब्दही नाही. सचिन तेंडुलकर 1992 साली यॉर्कशायरकडून खेळायला गेला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर 'काउंटी क्रिकेट' सुखानं नांदत होतं. 'जिल्हा' हा तरी अरबीतूनच आलेला. केनियानं 2010 च्या राज्यघटनेनं देशात 47 काउंट्या केल्या, तेव्हा स्वाहिली बोलणाऱ्यांनी 'कौंटी' असंच म्हणायला सुरुवात केली, जुना शब्द ओढूनताणून बसवला नाही. आपणही तेच करावं. तेव्हा बोर्डाला 'काउंटी परिषद' म्हणा. 'काउंटी मंडळ' शब्दशः जास्त जवळचं, पण तुमच्या बातमीपत्रात 'मंडळाची सभा' म्हटलं की लोकांना गणेशोत्सवाची बैठक वाटेल. बोर्ड आपल्यातून जो 'डायरेक्टर' निवडतं त्याला 'संचालक' नको, सरळ 'अध्यक्ष'.

बाकी पदांतही असेच चकवे आहेत. शेरीफला मराठीत 'नगरपाल' हा शब्द आहे, पण तो मुंबईच्या शेरीफचा: वर्षभरासाठी दिलेलं मानाचं पद. मिडलसेक्सचा शेरीफ कोर्टाची सुरक्षा पाहतो, कैद्यांची ने-आण करतो, कोर्टाच्या हुकमानं घरांचे लिलाव पुकारतो. त्याला शेरीफच राहू द्या. 'क्लार्क'चं 'कारकून' तर मुळीच करू नका. दस्त नोंदवणं, मतपत्रिका छापून घेणं, पासपोर्टचे अर्ज घेणं अशी कामं असलेला हा निवडून आलेला पदाधिकारी आहे. मला 'दप्तरदार' हा जुना, वजनदार शब्द इथे फार आवडतो. आणि सरोगेट म्हटलं की आपल्या वाचकाला सरोगेट माताच आठवते, म्हणून 'मृत्युपत्रांचं काम पाहणारे सरोगेट' असं एकदा तरी लिहावं.

मला खरं बोलायचंय ते सभेच्या भाषेविषयी. मी पंचायत समितीत 26 वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी सभेची टिपणं घेण्यात गेली, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा आहे. काउंटीची सभा म्हणजे मुख्यतः बिलं, रस्ते, पूल, निविदा, नेमणुका. या रोजच्या कामासाठी मराठीकडे शब्दांचा भरलेला कणगा आहे, आणि तरी इंग्रजीवरून नवे शब्द पाडले जातात याचं मला वाईट वाटतं. 'मिनिट्स अप्रूव्ह' झाली की आपल्याकडे 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले'. 'अजेंडा' म्हणजे विषयपत्रिका. ठराव मांडणारा सूचक, पाठिंबा देणारा अनुमोदक. 'बिल लिस्ट' म्हणजे देयके. काम आधी झालं आणि मंजुरी मागून आली तर कार्योत्तर मंजुरी. आयत्या वेळी आलेल्या गोष्टींना 'ऐनवेळचे विषय', यासारखा नेमका शब्दप्रयोग इंग्रजीत शोधून दाखवा! जानेवारीतल्या 'रीऑर्गनायझेशन मीटिंग'ला 'पुनर्रचना सभा' म्हटलं तर काहीतरी मोडून बांधताहेत असं वाटतं. ती पदाधिकारी निवडीची सभा, तसंच म्हणा.

दोन ठिकाणी मात्र फार जपा. 'ऑर्डिनन्स' दिसला की हात आपोआप 'अध्यादेश' लिहितो. आपल्याकडे अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, तोही सभागृह चालू नसताना, तात्पुरता. काउंटीचा ऑर्डिनन्स आधी सभेत मांडला जातो, मग जाहीर सुनावणी होते, मग मंजूर होतो आणि टिकतो. तो 'उपविधी'. दुसरं ठिकाण अधिक फसवं. अमेरिकेत एखादा ठराव 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. आपल्याकडे 'पटलावर ठेवला' म्हणजे सभागृहापुढे आणला. अर्थ अगदी उलट! तिथे 'विषय तहकूब ठेवला' असंच लिहायला हवं.

'कन्सेंट अजेंडा'ला मात्र आपल्याकडे तयार शब्द नाही. वाद नसलेले वीस-पंचवीस ठराव एका मतदानात मंजूर करायची ती सोय. 'संमती कार्यसूची'नं कुणालाच काही कळणार नाही. 'एकत्रित मंजुरीचे विषय' चालावं. एखाद्या सदस्याला त्यातला एखादा वेगळा चर्चेला हवा असेल तर 'वेगळा काढला' म्हणावं.

नमुन्यादाखल तुमच्या वृत्तान्ताची सुरुवात अशी करून पाहा: "काउंटी परिषदेच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले. एकत्रित मंजुरीच्या विषयांपैकी पूलदुरुस्तीचा विषय एका सदस्यांच्या मागणीवरून वेगळा काढण्यात आला, बाकीचे नावे पुकारून झालेल्या मतदानात एकमताने मंजूर झाले. पूलदुरुस्तीत सर्वांत कमी दराच्या पात्र निविदेविषयी खुलासा हवा असल्याने तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला. देयकांना मंजुरी दिल्यानंतर नागरिकांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले." हे वडिलांना वाचून दाखवा, आणि ते कुठे अडखळले तर तेवढा शब्द मला जरूर कळवा.