स्वतः छापलेली पहिली कादंबरी आपल्याच तालुक्यात कशी पोहोचवावी?

सगळ्यात आधी गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालयं पसरलेली आहेत. तिथल्या ग्रंथपालबाईंना कोण काय वाचतं हे तोंडपाठ असतं. त्यांना एक प्रत भेट द्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. वाचली असेल तर त्या स्वतःच चार जणांच्या हातात देतील.

प्रकाशन समारंभावर पैसे घालवू नका. माझ्या वेळी हॉल, शाली, नारळ, सगळं झालं. चहा ऐंशी कप गेला, पुस्तकं अकरा. त्यापेक्षा भिशी, महिला मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघात वीस मिनिटं एखादं प्रकरण वाचून दाखवा आणि ऐन रंगात थांबा. पिशवीत प्रती हव्यात, सुटे पैसे हवेत, क्यूआर कोडही हवा.

शाळा-कॉलेजांना १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला पाहुणा हवाच असतो. महिनाभर आधी फोन करा.

आणि नातेवाइकांना फुकट वाटू नका. ते वाचत नाहीत.