कमी पटाच्या शाळा आमच्या शाळेत विलीन होत आहेत. शाळेच्या पहिल्या दिवशी पालकांचं स्वागत कसं करावं?

तुम्ही नव्याने मुख्याध्यापक झाला आहात, दोन वस्त्यांवरच्या शाळा यंदा तुमच्या शाळेला जोडल्या आहेत आणि प्रवेशोत्सवाचा कार्यक्रम कसा आखावा, भाषणात काय बोलावं असं तुम्ही विचारलं आहे. मी शिक्षिका नाही. मुलगा चौथीत असताना शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी आमच्या शाळेत वस्तीवरची एक शाळा आली. त्या अनुभवावरून सांगते: भाषण शेवटी ठेवा. आधी वस्तीवरच्या आयाबायांना बोलू द्या, आणि माईक त्यांच्यापर्यंत नेऊन द्या.

वस्तीवरची शाळा म्हणजे एक खोली, एक गुरुजी, पहिली ते चौथी. पट जेमतेम दहा-बारा. वस्तीशाळा म्हणून सुरू झाली आणि पुढे जिल्हा परिषदेची झाली. लोकांनी श्रमदान करून कुंपण घातलं होतं, बाया पाळीपाळीने पाण्याची टाकी भरून ठेवायच्या, वर्गणी काढून एक टीव्हीही घेतला होता. ती शाळा बंद होणार हे मे महिन्यात त्यांच्या कानावर आलं ते दूधवाल्याकडून. शाळेतलं, पंचायत समितीतलं कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये आमच्याकडे थाटात प्रवेशोत्सव ठेवला. बैलगाडीतून मिरवणूक, लेझीम, पहिलीच्या पोरांच्या पावलांचे रंगीत ठसे, सरपंच, केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, सगळं झालं. वस्तीवरचे पालक शेतातली वाट तुडवत, ओढा ओलांडून आले आणि फाटकाजवळ उभे राहिले, कारण खुर्च्यांवर गावातली मंडळी बसली होती. मग एकेकाचं नाव घेऊन गुलाबाचं फूल द्यायला सुरुवात झाली. त्या पोरांची नावं यादीत नव्हती. दाखले ऑनलाइन वर्ग व्हायचे राहिले होते म्हणे. गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात फूल, आणि ही पोरं नवी दप्तरं पाठीला लावून आईच्या पदराला धरून बघत राहिली. मला आजही ते आठवलं की संताप येतो.

त्यातल्या एका बाईने, अगदी शांतपणे, विचारलं, ‘‘साहेब, ओढ्याला पाणी आलं तर पोरं धाडायची का नाही? आणि शाळेत असताना आलं तर?’’ केंद्रप्रमुख हसून म्हणाले, ‘‘ताई, आज आनंदाचा दिवस आहे. अडचणी नंतर बघू.’’ बाई काही बोलली नाही. पोराचा हात धरला आणि वळली. तिच्या मागे बाकीचे वळले.

मी उठून फाटकापाशी गेले, त्यांना परत आणलं आणि माईक घेतला. पुढच्या रांगेतल्या बापयांना उठायला सांगितलं. उठले बिचारे लगेच. लोक वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग त्या बायांना म्हटलं, तुमचं काय ते सगळं आत्ताच बोला.

काय काय निघालं! ओढा तर होताच. वीटभट्टीवरची कुत्री. आमचे गुरुजी सोबत येणार का? वस्तीवर खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं मानधन बंद होणार, त्यांचं काय? वर्गणीचा टीव्ही कुणाचा? मोठी पोरं आमच्या लहानग्यांना मारतील का? एका आजोबांनी विचारलं, शाळेच्या खोलीला आता कुलूप लागणार, मग पंधरा ऑगस्टला झेंडा कुठं लावायचा? त्यावर मंडपात कुणीच काही बोलू शकलं नाही.

निम्म्या गोष्टी जागेवर मिटल्या. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर एकही मूल निघणार नाही, वस्तीवरचं मोठं माणूस न्यायला येईपर्यंत एक शिक्षक शाळेतच थांबेल, आणि ओढ्याच्या अलीकडच्या एका घराने सांगितलं की फारच उशीर झाला तर पोरं आमच्याकडे जेवतील. दोन्हीकडचे फोन नंबर फळ्यावर लिहिले. टीव्ही पहिलीच्या वर्गात लावायचा ठरला, वस्तीच्या नावाची पाटी लावून. झेंड्याचं सरपंचांनी अंगावर घेतलं. गुरुजींची बदली दुसरीकडे झाली होती, ते काही आम्हाला जमलं नाही. मावशींचंही नाही. पण ‘हे आमच्या हातात नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि बायांनी ते ऐकून घेतलं.

कार्यक्रम लांबला, पाहुण्यांची भाषणं राहिली. केंद्रप्रमुख जाताना मला म्हणाले, ‘‘स्वागत समारंभाचं तुम्ही आंदोलन केलंत. पालकांना पहिल्याच दिवशी तोंड उघडायला दिलं की वर्षभर डोक्यावर बसतात.’’ पुढेही बैठकांमधून ते हेच ऐकवत राहिले. मी तेव्हा म्हटलं तेच आज म्हणते. पालक डोक्यावर बसत नाहीत. त्यांना उत्तर मिळालं नाही की ते पोराला घरी बसवतात, मामाच्या गावाला धाडतात, किंवा कर्ज काढून इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतात. मग पट घसरतो, आणि पट घसरला की पुढची शाळा बंद करायच्या यादीत तुमची असते.

कायदाही हेच सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बाया. म्हणजे पालक शाळेचे मालक नसले तरी पाहुणे नक्कीच नाहीत. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. वस्तीपासून तुमच्या शाळेचं अंतर यापेक्षा जास्त भरत असेल तर वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव तुम्हीच पाठवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत त्यासाठी एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पैसे जूनमध्ये हातात पडतील असं मात्र पालकांना सांगू नका.

तुम्ही लिहिलं आहे, ‘सगळंच बदलतंय, मलाच नीट माहीत नाही तर पालकांना काय सांगू?’ २०२५ चा जून आठवा. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिलला निघाला, शाळा १६ जूनला उघडल्या, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही मागे घेतले. त्या पंधरवड्यात कुठल्या शिक्षकाला ठाम उत्तर देता आलं असतं? गणवेशाचंही तसंच. २०२४ मध्ये कापड वरून येणार म्हणून पोरं महिनोन्‌महिने बिनगणवेशाची बसली आणि मग ते काम परत समितीकडे आलं. अशा वेळी ‘आज एवढं ठरलंय, बदललं तर त्याच आठवड्यात कळवतो’ एवढंच म्हणायचं. पालक ते समजून घेतात. खोटं बोललेलं ते विसरत नाहीत.

आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल. मिरवणूक काढा, लेझीम ठेवा, गोड खाऊ द्या, पोरांना ते हवंच असतं. फक्त नावांची यादी पोर्टलवरून काढू नका. शाळा उघडायच्या आधी स्वतः वस्तीवर जा, जमलं तर एका सहशिक्षिकेला सोबत न्या, आणि हाताने यादी करा. त्याच फेरीत पोरं ज्या वाटेने येणार ती चालून बघा.

आमचं गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे माझं निभावलं हेही खरं. तुमच्याकडे दोन वस्त्यांचं आपसात पटत नसेल, पाणी किंवा जमिनीवरून जुने वाद असतील, तर भर मंडपात माईक फिरवणं अंगाशी येऊ शकतं. मग दोन्ही वस्त्यांच्या बैठका आधीच वेगवेगळ्या घ्या आणि पहिल्या दिवशी फक्त ठरलेलं वाचून दाखवा. आणि आमच्याकडची सगळी पोरं टिकली असं मी म्हणणार नाही. दोन मुली दिवाळीनंतर मोठ्या बहिणीबरोबर आश्रमशाळेत गेल्या. पण ज्या बाईने ओढ्याचा प्रश्न विचारला होता, तिला पुढच्या निवडीत आम्ही समितीवर घेतलं, आणि दर पावसाळ्याआधी फरशी पुलाचा अर्ज ती स्वतः पंचायत समितीत नेऊन देते, पोहोच घेऊन येते.

शेवटचं, पहिल्या दिवशी जे कबूल कराल ते त्याच संध्याकाळी समितीच्या इतिवृत्तात लिहा आणि वस्तीवरच्या निदान दोघांच्या सह्या घ्या. उद्या तुमची बदली झाली तर नव्या मुख्याध्यापकांना ‘असं काही ठरलं नव्हतं’ म्हणता येणार नाही.