नागपूरहून कोकणात जातोय. किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन पडलेला दिसला तर पाण्यात ढकलायचा का?

ढकलू नका. आधी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

डॉल्फिन मासा नाही, तो फुप्फुसांनी श्वास घेतो. किनाऱ्यावर त्याचा जीव जातो तो उन्हानं आणि स्वतःच्याच वजनाखाली दबून. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात गोधडी पांघरून बसावं तसं त्याचं होतं. म्हणून ओली चादर किंवा दुपट्टा अंगावर टाका, कूलरच्या ताटीसारखा सतत ओला ठेवा, वर सावली धरा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र उघडं राहू द्या, त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. शेपटी धरून ओढू नका, इजा होते. गर्दी, कुत्री लांब ठेवा. सेल्फी तर नकोच, गलक्यानं तो आणखी घाबरतो.

असा प्राणी बहुतेकदा आजारी किंवा दमलेला असतो, त्यामुळे नुसता ढकलला तर पुन्हा किनाऱ्याला लागतो. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू असंच लागलं होतं. लोकांनी तासन्‌तास धडपड केली, समुद्रात ओढूनही नेलं, तरी ते वाचलं नाही. आठवलं की अजून गलबलतं.