वाचक विचारतात: मुंबईतलं बुटीक हॉटेल आणि घरची सहा माणसं

प्रश्न: सत्तरीतले आई-बाबा, आम्ही दोघं आणि दहा व चार वर्षांची मुलं असे तीन दिवस मुंबईला निघालोय. फोर्टातल्या जुन्या इमारतीतलं छोटंसं बुटीक हॉटेल आवडलंय. ९,००० रुपयांची एकच फॅमिली रूम घ्यावी की ४,५०० च्या दोन खोल्या?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर: दोन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. हा हिशेब प्रत्येक खोलीचा वेगळा होतो. म्हणजे दोन खोल्यांचे ९,४५० आणि एका मोठीचे १०,६२०. रोज १,१७० रुपये नुसत्या कराचे जास्त!

पण खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी-शेजारी हव्यात, हे बुकिंगवर लिहून घ्या. जुन्या इमारतीत एकाच भाड्याच्या दोन खोल्या सारख्या नसतात. एक रस्त्याकडे उघडते, दुसरीची खिडकी डक्टात. वेबसाइटवर फोटो असतो तो चांगलीचा. म्हणून तुम्हाला मिळणाऱ्या खोलीचाच फोटो आणि चौरस फूट मागा. १५० चौरस फुटांतले ३५-४० बाथरूममध्ये जातात, डबलबेड आणखी ४० खातो. सहा बाय तीनची एक गादी टाकली की बॅग उघडायलाही जागा नाही.

‘लिफ्ट आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या, ते विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट कधी कधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते, आणि आईंचे गुडघे तिथेच बोलतात. बाथरूमची भिंत काचेची आहे का, हेही विचारा. फोटोत झकास दिसते, सासऱ्यांसमोर नाही.

प्रश्न: सुरतमार्गे जाणारी आमची गाडी पहाटे पोहोचते, हॉटेल दुपारी दोनला खोली देतं. तोवर लहान मुलांना घेऊन बसायचं कुठे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: आधी हॉटेलची जागा बघा. सुरतमार्गे येणारी गाडी बोरिवली, वांद्रे, दादर अशी पश्चिमेच्या बाजूने येते. वांद्र्याचं हॉटेल सोयीचं, फोर्टाला पहाटेची टॅक्सी आली.

मुलं फार लहान असतील तर आदल्या रात्रीपासूनच बुकिंग करा. मात्र ‘आम्ही पहाटे येणार’ असं आधी कळवून उत्तर मिळवा. नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द होतं, पैसेही जातात. एक रात्र वाचवायची असेल, तर सामान ठेवून आंघोळीची सोय होईल का, ते विचारा. बरीच हॉटेलं करतात, पण आयत्या वेळी नाही.

ओळखपत्र सगळ्या मोठ्यांचं लागतं. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

प्रश्न: कळण्याच्या भाकरी, ठेचा सोबत नेला तर चालतो का? बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर?
— एक वाचक, धुळे

उत्तर: भाकरी-ठेचा खोलीत बहुतेक ठिकाणी चालतो, हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये नाही. केटलीत मात्र फक्त पाणी. दूध तळाला करपतं, केटली बिघडते आणि भरपाई बिलात येते. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.